दृष्टिपटलावरचे ठिपके: मे २०२० मधील एका वैद्यकीय पत्राचा प्रकरण अभ्यास

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १२ मे २०२० रोजी ब्राझीलमधील साओ पाउलो येथील नेत्रतज्ज्ञांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञ रुबेन्स बेलफोर्ट ज्युनियर यांच्या गटाने लिहिलेल्या या पत्रात कोविड झालेल्या १२ प्रौढांच्या डोळ्यांची तपासणी नोंदवली होती. बाराही जणांच्या दोन्ही डोळ्यांत दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, आतल्या थरांमध्ये चमकदार विकृती आढळल्या आणि त्यांपैकी चौघांच्या पडद्यावर कापसाच्या पुंजक्यांसारखे फिकट डाग व सूक्ष्म रक्तस्रावही दिसले, असे लेखकांचे म्हणणे होते. कोविड आणि डोळा यांविषयी तोवर जी चर्चा चालू होती ती मुख्यतः डोळे लाल होण्यापुरती होती. चीनच्या हुबेई प्रांतातील ३८ रुग्णांची जी नोंद मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात १२ जणांना डोळ्यांच्या पुढच्या भागाची लालसरपणा, सूज, पाणी येणे अशी लक्षणे होती. साओ पाउलोच्या पत्राने ही चर्चा डोळ्याच्या पुढच्या भागातून थेट मागच्या पडद्यावर नेली.

पत्र पानभराचे होते, पण त्याच्यावरचा वाद बराच काळ चालला, आणि त्याचा जो शेवट झाला तो पत्राच्या समर्थकांना किंवा टीकाकारांना पूर्णपणे सोयीचा नाही. लेखकांनी जे सर्वांत पुढे मांडले, म्हणजे बाराही जणांतील चमकदार ठिपके, ते टिकले नाहीत. जे त्यांनी शेवटी, जवळजवळ जाता जाता, नोंदवले, म्हणजे चौघांतील कापसासारखे डाग, त्याच जातीच्या खुणा पुढे इतरत्र स्वतंत्रपणे सापडल्या. हे असे उलटे का झाले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तपासणीमागचा विचार

ब्राझीलमधील पहिला कोविड रुग्ण २६ फेब्रुवारी २०२० रोजी साओ पाउलोमध्येच निश्चित झाला. तो संपूर्ण लॅटिन अमेरिकेतलाही पहिला रुग्ण होता आणि इटलीहून परतला होता. २४ मार्चपासून साओ पाउलो राज्यात टाळेबंदीसदृश निर्बंध लागू झाले, एप्रिलच्या मध्यावर देशाच्या आरोग्यमंत्र्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी आलेल्या मंत्र्यांनी १५ मे रोजी, म्हणजे हे पत्र प्रसिद्ध झाल्यानंतर तीनच दिवसांनी, राजीनामा दिला. अशा वातावरणात रुग्णांची पद्धतशीर नेत्रतपासणी करणे हेच मुळात कष्टाचे काम होते. पडद्याच्या थरांची छेदचित्रे प्रकाशाने काढणाऱ्या ओसीटी यंत्रावर रुग्ण आणि तंत्रज्ञ यांचे चेहरे जेमतेम हातभर अंतरावर असतात, हे ज्याने यंत्र पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

तपासणीमागे एक रास्त तर्कही होता. वास जाणे हे कोविडचे लक्षण म्हणून तोपर्यंत सर्वमान्य झाले होते आणि त्यामुळे विषाणू चेतासंस्थेपर्यंत पोहोचतो की काय, हा प्रश्न जगभर विचारला जात होता. दृष्टिपटल हा गर्भावस्थेत मेंदूच्याच उतीपासून तयार होणारा भाग आहे. त्यातील गँग्लियॉन पेशींचे, म्हणजे दृष्टीचे संदेश मेंदूकडे पाठवणाऱ्या चेतापेशींचे, दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, तयार होते आणि ती सरळ मेंदूत जाते. शरीर न कापता मध्यवर्ती चेतासंस्थेची उती आणि तिच्यातील रक्तवाहिन्या डोळ्यांनी पाहता येतील अशी जागा दृष्टिपटलाखेरीज दुसरी नाही. विषाणूने चेतापेशींना किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा केली असेल तर तिची खूण येथे दिसण्याची शक्यता होती, आणि ती शोधणे चुकीचे नव्हते.

दुसरा आधार प्राण्यांवरील संशोधनाचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेतील संशोधकांनी १९९० साली उंदरांमधील एका कोरोनाविषाणूचा, ‘जेएचएम’ नावाच्या प्रकाराचा, दृष्टिपटलावरील परिणाम वर्णिला होता. विशिष्ट जातीच्या उंदरांमध्ये पहिल्या आठवड्यात रक्तवाहिन्यांचा दाह होई आणि दहाव्या दिवसानंतर दृष्टिपटलाचा ऱ्हास सुरू होऊन तो महिनोन्‌महिने चालू राही. या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्याच दृष्टिपटलाविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांचा हात असावा, असे पुढच्या प्रयोगांतून दिसले. मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या आजारातही डोळ्याच्या आतला दाह, दृष्टिपटलाची सूज आणि दृष्टिचेतेचा दाह या गोष्टी पशुवैद्यकांना जुन्याच परिचयाच्या आहेत. मात्र उंदरांच्या प्रयोगात विषाणू सुईने थेट डोळ्याच्या पोकळीत सोडला होता. श्वासातून शिरलेला वेगळा विषाणू माणसाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो की नाही, याविषयी तो प्रयोग काहीही सांगत नाही. ‘कोरोना’ हे आडनाव समान असले म्हणून वागणूक समान असेलच असे नाही, आणि ही सावधगिरी त्या वसंतात सगळीकडेच कमी पडत होती.

पत्रात नेमके काय होते

१२ जणांत सहा पुरुष आणि सहा स्त्रिया होत्या, वय २५ ते ६९. लक्षणे सुरू झाल्यापासून ११ ते ३३ दिवसांच्या आत त्यांची तपासणी झाली. सर्वांना ताप, अशक्तपणा आणि धाप लागणे ही लक्षणे होऊन गेली होती. ११ जणांचा वास गेला होता. दोघांना रुग्णालयात दाखल करावे लागले, अतिदक्षता विभागात मात्र कोणालाही न्यावे लागले नाही. तपासणीच्या वेळी रक्ताचे अहवाल सामान्य होते. सर्वांची दृष्टी सामान्य होती, बाहुल्या प्रकाशाला नेहमीसारखा प्रतिसाद देत होत्या आणि डोळ्याच्या आत दाहाची कोणतीही खूण नव्हती.

ओसीटी तपासणीत मात्र गँग्लियॉन पेशींचा थर आणि त्याखालचा इनर प्लेक्सिफॉर्म थर या ठिकाणी चमकदार विकृती सर्वांच्या दोन्ही डोळ्यांत दिसल्या, आणि त्या पीतबिंदूपासून, म्हणजे पडद्यावरील स्पष्ट नजरेच्या मध्यभागापासून, दृष्टिचेतेच्या मुखापर्यंत जाणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात अधिक ठळक होत्या. त्याच वेळी ओसीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तप्रवाहाचा नकाशा काढणारी तपासणी, आणि गँग्लियॉन पेशींच्या थराच्या जाडीचे मोजमाप या दोन्ही गोष्टी सामान्य आल्या. तपासणीसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे वापरली होती. चौघांच्या पडद्यावर मुख्य रक्तवाहिन्यांच्या कमानीलगत अस्पष्ट कापसासारखे डाग आणि सूक्ष्म रक्तस्राव होते, आणि ते प्रत्यक्ष तपासणीत, रंगीत छायाचित्रांत तसेच लाल प्रकाश गाळून घेतलेल्या चित्रांत दिसल्याचे लेखकांनी नमूद केले होते.

हा तपशील सावकाश वाचला तर पत्रावरच्या पुढच्या आक्षेपांची बहुतेक सामग्री पत्रातच सापडते. आजाराची तीव्रता कमीजास्त होती, तपासणीचा दिवस अकराव्यापासून तेहतिसाव्यापर्यंत कुठलाही होता, वयात ४४ वर्षांचे अंतर होते, आणि तरीही खूण शंभर टक्के लोकांत, दोन्ही डोळ्यांत, त्याच थरात, त्याच पट्ट्यात होती. आजाराची खूण इतकी शिस्तबद्ध क्वचितच असते. आजार कोणाला जास्त गाठतो, कोणाला सोडतो. एका डोळ्यात दिसतो, दुसऱ्यात नाही. सुरुवातीला वाढतो, मग ओसरतो. जे प्रत्येक माणसात, प्रत्येक डोळ्यात, त्याच जागी दिसते ते शरीररचनेचा भाग असण्याची शंका आधी घ्यावी लागते. दुसरा धागा असा की पेशींच्या थरात खरोखर विकृती असेल तर त्याची जाडी किंवा त्यातील रक्तप्रवाह यांपैकी काहीतरी बदलायला हवे होते आणि दोन्ही सामान्य होते. तिसरी गोष्ट सर्वांत साधी. कोविड न झालेल्या, त्याच वयाच्या लोकांची त्याच यंत्रांवर काढलेली चित्रे तुलनेसाठी नव्हती.

ठिपका म्हणजे काय

ओसीटी हे तंत्र १९९१ साली अमेरिकेतील एमआयटी आणि तिच्या सहकारी संस्थांतील संशोधकांनी मांडले. त्यात अवरक्त प्रकाशाची झोत डोळ्यात सोडून वेगवेगळ्या खोलीवरून परत येणाऱ्या प्रकाशाची मोजणी करतात आणि तीवरून पडद्याच्या उभ्या छेदाचे चित्र उभे करतात. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्यातील थर त्यात वेगळे दिसतात. ज्या थरातून प्रकाश अधिक परततो तो चमकदार आणि ज्यातून कमी परततो तो काळसर दिसतो. म्हणजे चित्रातील चमक ही केवळ परावर्तनाची मात्रा आहे. ती दाह, रक्तस्राव, चरबी, विषाणू यांपैकी कशाची, हे चित्र स्वतः सांगत नाही. ते वाचणाऱ्याला ठरवावे लागते.

रक्तवाहिनी या छेदात आडवी कापली गेली की ती एक चमकदार गोल किंवा लंबगोल ठिपका म्हणून उमटते, आणि रक्त प्रकाश विखुरत व शोषत असल्यामुळे तिच्या खालच्या थरांवर काळसर सावली पडते. मोठ्या वाहिन्या पडद्याच्या सर्वांत आतल्या, तंतूंच्या थरात असतात आणि त्यांची सावली गडद असते, त्यामुळे त्या ओळखण्यात गफलत होत नाही. बारीक वाहिन्यांचे तसे नसते. त्यांचे आतले जाळे गँग्लियॉन पेशींच्या थरात आणि त्याच्या आसपास पसरलेले असते, त्यांची सावली फिकट असते, आणि पीतबिंदूच्या दिशेने जाणाऱ्या वाहिन्यांचे छेद त्या थरात सुटे, विखुरलेले ठिपके म्हणून दिसतात. पत्रातील विकृतींचा पत्ता नेमका हाच होता.

दिमित्रिओस वाव्वास आणि डेव्हिड सराफ यांच्यासह अमेरिका, जपान आणि ग्रीस येथील दृष्टिपटलतज्ज्ञांनी ‘आय’ या नियतकालिकात २०२० मध्येच हा मुद्दा मांडला. पत्रात बाण दाखवून विकृती म्हणून सांगितलेले ठिपके हे निरोगी डोळ्यातील रक्तवाहिन्यांचे नेहमीचे छेद आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. लॅन्सेटच्या पत्रव्यवहारातही इतरांनी तसेच आक्षेप घेतले. चौघांतील फिकट डागांविषयीही शंका उपस्थित झाली. काही लोकांच्या पडद्यातील तंतूंवर जन्मतःच मायलिनचे, म्हणजे चेतातंतूंना वेढणाऱ्या चरबीयुक्त पदार्थाचे, आवरण असते आणि ते पांढरट, पिसासारख्या डागाच्या रूपात दिसते. छायाचित्र पुरेसे स्पष्ट नसेल तर ते आणि कापसासारखा डाग यांत घोळ होऊ शकतो.

येथे दोन यंत्रांचा मुद्दा पाहण्यासारखा आहे. दोन वेगळ्या बनावटींच्या यंत्रांत तीच गोष्ट दिसली तर ती यंत्राची करामत नव्हे, असे मानणे योग्यच आहे, आणि लेखकांना त्यातून धीर आला असल्यास नवल नाही. पण रक्तवाहिनी ही यंत्राची करामत नसतेच. ती खरोखर तेथे असते, म्हणून ती कोणत्याही चांगल्या यंत्रात दिसेल. यंत्र बदलून ‘दिसते ते खरे आहे का’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ‘दिसते ते नवे आहे का’ हा प्रश्न तसाच राहिला, आणि त्याला उत्तर देणाऱ्या दोनच गोष्टी होत्या: निरोगी माणसांची चित्रे, किंवा त्याच रुग्णांची काही महिन्यांनी पुन्हा काढलेली चित्रे. विकृती असेल तर ती बदलली असती आणि रक्तवाहिनी असेल तर जागच्या जागी राहिली असती.

लेखकांनी आक्षेपांना उत्तर दिले आणि आपली भूमिका सोडली नाही. लॅन्सेटच्या बाबतीत तो महिना एरवीही कठीण होता. २२ मे २०२० रोजी त्याने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयी एक मोठा अभ्यास छापला आणि त्यातील माहितीच्या अस्सलपणाची खात्री देता न आल्यामुळे तो ४ जून रोजी मागे घ्यावा लागला. दोन्ही घटना एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. तेथे रुग्णांच्या माहितीचा स्रोतच संशयास्पद होता. साओ पाउलोच्या पत्रात रुग्ण खरे होते, तपासणी खरी होती, चित्रे डोळ्यांसमोर होती, आणि ती उघड छापली होती म्हणूनच जगभरचे तज्ज्ञ ती पाहून वेगळे मत देऊ शकले. चूक असली तर ती वाचनाची होती. माझ्या मते तिचा मोठा वाटा संपादनाच्या घाईचा आहे. दृष्टिपटलाची ओसीटी चित्रे रोज पाहणाऱ्या एखाद्या परीक्षकाने पत्र छापण्याआधी पाहिले असते तर नियंत्रण गटाची, म्हणजे तुलनेसाठी कोविड न झालेल्या लोकांच्या चित्रांची, मागणी पहिल्याच फेरीत झाली असती.

जे टिकले

ठिपके रक्तवाहिन्यांचे निघाले म्हणून कोविड दृष्टिपटलाला स्पर्श करत नाही, असा निष्कर्ष काही जणांनी त्या वेळी काढला. तोही घाईचा ठरला.

इटलीतील मिलान येथील लुइजी साको रुग्णालयातील संशोधकांनी ५४ कोविड रुग्णांची तुलना संसर्ग न झालेल्या १३३ जणांशी केली. तो अभ्यास २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. रुग्णांपैकी २७.७ टक्क्यांच्या पडद्यावरील नीला फुगलेल्या होत्या, १२.९ टक्क्यांच्या वाहिन्या वळणदार झाल्या होत्या, ९.२५ टक्क्यांना रक्तस्राव आणि ७.४ टक्क्यांना कापसासारखे डाग होते. यातील टक्केवारीपेक्षा मला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. नीलांचा सरासरी व्यास आजार जितका तीव्र तितका अधिक होता आणि लक्षणे सुरू होऊन जितके दिवस लोटले तितका कमी होता. तीव्रतेबरोबर वाढणारी आणि काळाबरोबर ओसरणारी खूण आजाराचीच असण्याचा संभव किती तरी अधिक, आणि साओ पाउलोच्या ठिपक्यांत नेमकी हीच चढउतार नव्हती. स्पेनमधील पाम्प्लोना येथे कोविड न्यूमोनियातून बरे झालेल्या २७ जणांची तपासणी झाली, त्यात सहा जणांच्या पडद्यावर कापसासारखे डाग आढळले.

कापसासारखा डाग हा काही कोविडचा खास शिक्का नव्हे. पडद्यातील एखादी सूक्ष्म धमनी बंद पडली की तेथील तंतूंमधून पेशीद्रवाची ये-जा थांबते, तो साचतो आणि तंतूंचा थर तेवढ्यापुरता फुगून फिकट दिसतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, एचआयव्ही संसर्ग, संधिवाताच्या कुळातील काही आजार या सर्वांत तो दिसतो आणि बहुधा काही आठवड्यांत विरतो. कोविडमध्ये रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हे फुप्फुसे, हृदय आणि पाय यांच्या बाबतीत २०२० च्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले होते; पडद्यातील बारीक धमन्या त्याला अपवाद असण्याचे काही कारण नव्हते. म्हणून चौघांतील डाग ही रक्ताभिसरणाच्या बिघाडाची साधी, समजण्यासारखी खूण होती, तर बारा जणांतील ठिपके हा थेट चेतापेशींवरील हल्ल्याचा दावा होता. पत्राने यांतील अधिक धाडसी दावा पुढे ठेवला आणि अधिक विश्वासार्ह निरीक्षण मागे ठेवले.

विषाणू पडद्यापर्यंत पोहोचतो का, या प्रश्नावरही काम झाले. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे कोविडने मरण पावलेल्या १४ जणांच्या दृष्टिपटलाची तपासणी केली असता तिघांत विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडले. आरएनए सापडणे म्हणजे जिवंत विषाणू तेथे वाढत होता असे नव्हे. रक्तातून वाहत आलेले अवशेषही ती चाचणी पकडते. २०२१ मध्ये बेलफोर्ट यांच्यासह ब्राझीलच्याच संशोधकांनी तीन मृत रुग्णांच्या दृष्टिपटलात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखे कण दिसल्याचे ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये नोंदवले, आणि लेखाच्या शीर्षकातच ते कण विषाणूचे असल्याचे ‘गृहीत’ असल्याचा उल्लेख ठेवला. ही सावधगिरी अकारण नव्हती. मूत्रपिंडाच्या पेशींत सापडलेल्या अशाच कणांवरून २०२० मध्ये वाद झाला होता, कारण निरोगी पेशींतही आवरण असलेल्या छोट्या पिशव्या असतात आणि त्या काटेरी विषाणूसारख्याच दिसतात. ओसीटीच्या छेदातील रक्तवाहिनीच्या बाबतीत जे घडले त्याच जातीचा हा प्रश्न आहे, फक्त मोजपट्टी मायक्रॉनवरून नॅनोमीटरवर आली.

दृष्टिचेतेचे वेगळे प्रकरण

साओ पाउलोच्या पत्रातील ठिपके दृष्टिचेतेकडे जाणाऱ्या पट्ट्यात असल्यामुळे कोविड ऑप्टिक नर्व्ह पोखरतो, असा अर्थ काही वृत्तांनी काढला. चेतेला खरोखर इजा होते तेव्हा चित्र कसे असते, हे पाहण्यासाठी त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झालेले कोविड झालेल्या २६ वर्षांच्या एका तरुणाचे प्रकरण शेजारी ठेवावे. कोरड्या खोकल्यानंतर काही दिवसांत त्याची नजर आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याची गेली. दृष्टिचेतेची मुखे सुजली होती, एमआरआयमध्ये दोन्ही चेता जाड झालेल्या दिसल्या, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतही दाहाच्या खुणा होत्या आणि रक्तात मायलिनच्या आवरणातील ‘मॉग’ या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड भरपूर प्रमाणात होते. शिरेतून स्टिरॉइड दिल्यावर त्याची दृष्टी सुधारली. येथे विषाणूने चेता थेट खाल्लेली नाही. संसर्गाने चेतवलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर उलटली, आणि असे प्रकार इतर विषाणूंनंतरही होतात. रुग्णाची तक्रार, दृष्टीची मोजणी, पडद्याची तपासणी, एमआरआय, रक्तातील प्रतिपिंड आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद या सर्व गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. साओ पाउलोच्या १२ जणांत एकाच तपासणीतील एकाच छटेवर सगळा भार होता.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, कोविडकाळात दृष्टी गेल्याच्या ज्या घटना लोकांच्या लक्षात आहेत त्यांचा मार्ग याहूनही वेगळा होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेतील म्युकरमायकोसिस, म्हणजे बोलीभाषेतील काळी बुरशी, नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत शिरत असे, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसून त्यांत गुठळ्या करीत असे, आणि त्यामुळे दृष्टिपटलाची मुख्य धमनी बंद पडून किंवा खोबणीच्या टोकाशी दृष्टिचेता दाबली जाऊन डोळा एका दिवसात आंधळा होऊ शके. ‘इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,८२६ रुग्णांच्या देशव्यापी नोंदीत गुजरात आणि महाराष्ट्र यांचा वाटा सर्वांत मोठा होता, ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टिरॉइड दिलेले होते. कोविडनंतर डोळ्याभोवती दुखणे, पापणी खाली येणे, नाकातून काळसर स्राव येणे आणि नजर अंधुक होणे ही लक्षणे त्या दिवसांत तातडीची होती, आणि ती ओळखण्यासाठी ओसीटीची गरज नव्हती.

धोक्याचे आकारमान

साओ पाउलोच्या पत्रानंतर ‘कोविड झाला, आता पडद्याची तपासणी करून घ्यावी का’ हा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जाऊ लागला. त्याला उत्तर देण्याइतकी मोठी संख्या दक्षिण कॅलिफोर्नियातील एका आरोग्यसंस्थेच्या नोंदींतून २०२२ मध्ये मिळाली. कोविड झालेल्या ४,३२,५१५ जणांच्या नोंदी तपासून संशोधकांनी त्याच लोकांत संसर्गाआधी आणि संसर्गानंतर दृष्टिपटलाची नीला बंद पडण्याचे प्रमाण मोजले. दर दोन आठवड्यांना दर दहा लाखांमागे ८.५४ असलेले सरासरी प्रमाण संसर्गानंतर १२.२० झाले. वाढ खरी आहे, पण दहा लाखांत तीन-चार जणांची आहे. हा अभ्यास बारा जणांऐवजी लाखोंचा आहे आणि त्यात प्रत्येकाची तुलना स्वतःच्याच आधीच्या काळाशी केली आहे, हे त्याचे बळ.

यावरून नजर चांगली असलेल्या आणि कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तीला केवळ कोविड होऊन गेला म्हणून ओसीटी करण्याचे कारण उरत नाही. उलट, तशी केली तर तिच्या अहवालात चमकदार ठिपके हमखास दिसतील, कारण ते सर्वांनाच असतात. एका डोळ्याने अंधुक दिसणे, नजरेच्या मध्यभागी किंवा कडेला काळा पट्टा येणे, रंग फिके वाटणे, डोळा हलवताना दुखणे, यांपैकी काही झाले तर मात्र बाहुली विस्फारून पडद्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आणि दुसऱ्या कारणाने केलेल्या तपासणीत एखादा एकटा कापसासारखा डाग सापडला तर तो कोविडच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. आधी रक्तदाब मोजावा, साखर तपासावी, गरजेप्रमाणे इतर रक्तचाचण्या कराव्यात आणि सुमारे तीन महिन्यांनी पडदा पुन्हा पाहावा, कारण अशा डागामागे माहीत नसलेला मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब निघण्याची शक्यता कोविडपेक्षा कमी नाही.